मधला अंधार

१

समीक्षा, म्हणजे आमची सून, साडेआठला घरातून निघते. ती आशाताई आहे, गावातल्या बाळंतिणी आणि म्हातारी माणसं तिच्याकडे असतात. निघायच्या आधी ती लिलाबाईच्या पाठीला दोन उशा लावते, गळ्याभोवती जुन्या पातळाचा तुकडा बांधते आणि शिकरणाची वाटी झाकून माझ्याजवळ ठेवते.

"नाना, सावकाश. ठसका लागू देऊ नका."

"नाही लागू देत."

मग घरात आम्ही दोघंच. लिलाबाई माझी बायको. अडीच वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला, "शे". ती साक्रीकडची, तिकडे आहे म्हणायला शे म्हणतात. भूक लागली तरी शे, माशी बसली तरी शे. लग्न होऊन फैजपूरला आली तेव्हा माझा हात हुंगून नाक मुरडायची, "तुना हातले केयीस्ना वास येस." हाताला केळ्यांचा वास येतो म्हणून. आता तिचं नाक मुरडणंही डाव्या बाजूनंच होतं.

मी तिला हातानंच भरवतो. चमचा ती दातात धरते असं म्हटलं असतं, पण दात नाहीत. हिरड्यात धरते. म्हणून केळं कुस्करून दुधात कालवायचं आणि तीन बोटांनी थोडं थोडं तोंडात सोडायचं. निम्मं आत जातं, निम्मं उजव्या ओठावरून खाली ओघळतं. गळ्यातलं फडकं रोज धुवावं लागतं.

तर सांगायचं ते एवढंच, की दिवाळीनंतर एक दिवस मी ते फडकं धुवायला सोडलं आणि ते कोरडं होतं. दुसऱ्या दिवशीही कोरडं. आठ दिवस त्याला थेंब लागला नाही. मला आनंद झाला. म्हटलं, लिलाबाईचा ओठ सुधारला.

२

मला एकच डोळा आहे. डावा तरुणपणी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी घुसून गेला. उजव्यात गेल्या वर्षी मधोमध धुरासारखं काहीतरी आलं. मग ते घट्ट होत गेलं. आता मी कशाकडेही सरळ बघितलं की नेमकं तेच जातं. दार दिसतं, कडी दिसत नाही. लुगडं दिसतं, तोंड दिसत नाही.

मला त्याचं फार वाटलं नाही. चाळीस वर्षं मी केळी पिकवायच्या खोल्यांत काम केलं. आता यंत्रं आली. आमच्या वेळी खोलीला खिडकी नसायची, दार मातीनं लिंपून घ्यायचं, आत धुरी. दिवा न्यायची सक्त मनाई. मुकादम झुलालभाऊ नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा, "आत डोळे वापरायचे नाहीत. हात घाल, हाताला इच्यार." घडात हात घातला की बोटं सांगायची, हे उद्याचं, हे परवाचं, हे गेलं. गेलेल्या केळ्यात बोट नुसतं शिरतं. आत कोमट असतं. ती शिसारी अंगातून दिवसभर जात नाही.

जळगावला मेहरूणच्या अंगाला डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथं भूमिका नावाची मुलगी तपासणी करते. मोठ्या पांढऱ्या परातीसारखं यंत्र. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कुठं उजेड चमकला की बटण दाबायचं. खोलीत अंधार करतात. कागद बाहेर आला तेव्हा तिनं माझं बोट धरून त्यावर फिरवलं.

"हे बघा नाना, इथं मधे सगळं काळं. याला स्कोटोमा म्हणतात."

"म्हणजे काय, पोरी?"

"स्कोटो म्हणजे अंधार. ग्रीक लोकांचा फार जुना शब्द. स्कोटोस म्हणायचे ते. माणूस लढाईत पडला, मेला, तरी त्याच्या डोळ्यांवर स्कोटोस आला असं म्हणायचे. आम्हाला सरांनी शिकवलं होतं."

"आणि पुढचं मा?"

"अंधार करायचा, आणि तो केल्यावर जे होऊन बसतं, ते स्कोटोमा. आधी चक्कर येऊन डोळ्यांपुढं काळं व्हायचं त्याला म्हणत. आता असल्या डागाला म्हणतात."

मी शाळेची पायरी चढलेलो नाही, पण मला ते नीट कळलं. म्हणून विचारलं, "केला कोणी?"

ती हसली. "नाना, तुम्ही तर सरांपेक्षा अवघड विचारता. कोणी नाही करत. वय करतं."

मग तिनं एक कामाची गोष्ट सांगितली. तसाच दुसरा एक शब्द आहे, स्कोटोपिक. अंधारातलं बघणं. ते डोळ्याच्या मध्यात नसतं, कडेला असतं. "म्हणून सरळ बघू नका. माणसाच्या कानाच्या बाजूला बघा, म्हणजे कडेनं तोंड दिसेल. सवय करा."

मी हो म्हटलं आणि घरी येऊन विसरलो. चाळीस वर्षांची सवय. भरवताना मी लिलाबाईच्या तोंडाकडे सरळ तोंड करून बसायचो, डोळा उघडा, मधे काळं, आणि हात त्या काळ्यात घालायचो.

३

पहिल्यांदा बोटांना लागलं ते लिलाबाईचीच जीभ समजून मी सोडून दिलं.

लकव्यानं जीभ जड होते, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण तिची जीभ मला माहीत होती. ती कोरडी, लहान, मांजरीच्या जिभेसारखी. ही मोठी होती. बोटांना खालून वर, मग नखांच्या बाजूनं, मग बोटांच्या बेचक्यात. बेचक्यात शिकरण नव्हतंच. तरी तिथं ती रेंगाळली.

हात बाहेर आला की स्वच्छ असायचा. पुसावा लागायचा नाही. वास मात्र यायचा. आंबूस, जरा गोड, लिंपलेली खोली दोन दिवस उशिरा उघडल्यावर येतो तसा. मी राखेनं हात घासायचो, तरी जेवताना भाकरीला तो वास लागायचा. माझं जेवण कमी झालं.

लिलाबाई त्या दिवसांत सारखी म्हणायची, "शे. शे."

"अजून पाहिजे? हे घे."

"शे!"

तिनं डावा हात उचलून माझ्या तोंडापुढं हवेत हलवला, धूर बाजूला सारतात तसा. मी म्हटलं, बाई, नीट बस, पडशील.

४

दर रविवारी समीक्षा वजनकाटा आणते आणि सासूला उचलून त्यावर बसवते. दिवाळीला सेहेचाळीस भरलं होतं. पुढच्या महिन्यात त्रेचाळीस. आता चाळीस.

"नाना, इकडे या. मले एक खरं सांगा."

"काय?"

"सकाळचं शिकरण, दुपारची खिचडी, दोन्ही आईच्या पोटात जाते?"

"मी स्वतः भरवतो ना."

"वाटी तर चाटून ठेवल्यासारखी असते. फडक्याले डाग नाही. मी पेशंट बघते नाना, लकव्याचा माणूस असा जेवत नाही." मग खाली बघून बोलली, "म्हातारपणी जीव धावतो. तुम्हाले शिकरण आवडते हे मले माहीत हाय. वाटलं तर तुमच्यासाठी येगळी वाटी करीन. पण तिची..."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते. कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली. छप्पन्न वर्षांच्या संसारात मी त्या बाईच्या ताटातलं मागून खाल्लं नाही. पण बोललो काय? सुनेला काय सांगू, की मी भरवतो आणि बोटं कोणीतरी चाटतं?

त्याच दिवशी तिनं धुळ्याला माझ्या लेकीला, बेबाबाईला फोन लावला. ठरलं ते माझ्यासमोरच ठरलं. पुढच्या रविवारपर्यंत वजन आणखी उतरलं तर बेबा गाडी घेऊन येईल आणि आईला धुळ्याला नेईल. तिथं नाकातून नळी घालतील.

"ती नळी ओढून काढेल," मी म्हटलं. "तिकडं मरेल ती."

"मग इथं काय होतंय नाना?" फोनमधून बेबा म्हणाली. आवाज रडका नव्हता. त्याचंच मला वाईट वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी भरवताना मला भूमिकाचं बोलणं आठवलं. मी डोळा लिलाबाईच्या कानावरून पुढं नेला आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर ठेवला. तसं कडेनं तिचं तोंड दिसायला लागलं. कितीतरी महिन्यांनी दिसलं. गालफडं बसली होती. डोळे मोठे झाले होते.

आणि तोंड बंद होतं.

ओठ आत ओढून, हिरड्या आवळून तिनं ते घट्ट मिटलं होतं. तीन बोटांवर शिकरण घेऊन माझा हात तिच्या हनुवटीपाशी होता. ती माझ्या हाताकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नव्हती. आमच्या दोघांच्या मधे, वीतभर अंतरावर जे होतं त्याच्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे हळूहळू भिंतीकडे वळले. मी जिथं बघत होतो तिथं.

"लिला," मी म्हटलं, "तोंड उघड."

तिनं जरा वेळ वाट बघितली. मग उघडलं. घास आत गेला. निम्मा ओठावरून फडक्यावर सांडला. मी तो डाग बघून लहान पोरासारखा हसलो.

बाजूला भिंतीवर ओलं काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

६

माणसानं आपल्या डोक्याला आधी विचारावं. मी विचारलं. मांजर असेल. तर घरात मांजर नाही, शेजारच्यांचं आहे, ते दार लोटलं की येत नाही. पाल असेल. ओल असेल. मी भिंत हातानं चाचपली. आमची भिंत चुन्याची, कोरडी ठणठणीत. एका जागी हाताला बुळबुळीत लागलं. ताटाएवढी जागा. तिथला चुना निघून खालची वीट लागत होती, आणि वीटही गुळगुळीत होती, नदीतल्या दगडासारखी.

हात हुंगला. मग बाहेर जाऊन उलटी केली.

दुपारी मी एक वाटी शिकरण केलं, स्टुलावर ठेवलं, दाराला कडी लावली. समोर बसून वाटीकडे सरळ बघितलं. म्हणजे वाटी दिसेनाशी झाली. बाहेर ऊन होतं, ट्रकमध्ये केळीचे घड भरताना माणसं ओरडत होती. मी मनात अंक म्हणत होतो. नऊपर्यंत आलो.

आवाज झाला तो मी सांगणार नाही. वासरू पाणी पितं तसा म्हणावा, तर वासराला श्वास घ्यायला थांबावं लागतं.

मान वळवून कडेनं बघितलं. वाटी चकचकीत. आणि माझा डोळा पुन्हा तिकडेच ओढला जात होता, माझ्या मनाशिवाय, भुकेलं जनावर दावं ओढतं तसा. पण वाटीकडे नाही. खाटेकडे. लिलाबाईच्या तोंडाकडे.

मी डोळा मिटला. डोळा मिटला की सगळ्यांनाच अंधार दिसतो. तो अंधार कोणाचा नसतो. त्या अंधाराच्या मधोमध हे होतं, आणखी काळं, आणि त्याची जागा बदललेली नव्हती.

७

बुधवारी जळगावला जायचं होतं म्हणून गेलो. भूमिकानं पुन्हा हनुवटी टेकवायला लावली. तपासणी संपल्यावर तिनं कागद दोनदा उलटून बघितला.

"नाना, तुम्ही मधल्या भागात बटण दाबलंत. आठ वेळा. तिथं तर तुम्हाला दिसत नाही."

"दिसलं नाही काही."

"मग का दाबलं?"

"हललं."

"उजेड?"

"उजेड नाही."

तिनं कागद घडी करून ठेवला. "नजर नसलेल्या जागी मेंदू चित्रं तयार करतो. पुष्कळांना होतं. माणसं दिसतात, फुलं दिसतात. घाबरायचं नाही, ते काही करत नाहीत."

"त्यांना वास असतो का?"

"नाही. वास नसतो."

तिनं मग यंत्र पुसायला कापूस घेतला. परातीच्या आतून, नेमकी माझ्या डोळ्यासमोरची जागा पुसताना तिनं हात झटकन मागे घेतला, बोटं बघितली, आणि "अगं बाई, कुणी थुंकलं यात," असं म्हणून साबणानं हात धुवायला गेली. तिला सांगून घाबरवायचं नव्हतं. चांगली पोरगी आहे.

८

रविवारला चार दिवस होते.

भिंतीकडे बघून भरवायचं म्हटलं, तर दोन घास होईस्तो डोळा भिंतीवर ठरायचा, मग लिलाबाईकडे घसरायचा आणि ती तोंड मिटून घ्यायची. शेजारी दुसरी वाटी ठेवून बघितली. वाटी लगेच संपते. भाकरी ठेवली, भाकरी संपते. त्याला संपणार नाही असं काहीतरी पाहिजे होतं, निदान लिलाबाईची वाटी होईपर्यंत पुरेल असं.

मी उजव्या हातानं भरवतो. डावा रिकामाच असतो.

मी डावा तळहात मांडीवर उघडा ठेवला आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

डोळा तिथं ठरला. हललाच नाही. तळहाताला आधी गार लागलं, मग कोमट. गेलेल्या केळ्यात बोट शिरतं तेव्हा लागतं तसं, पण इथं बोट माझं होतं आणि शिरणारं ते होतं की मी, हे कळेना. दात आवळून मी कडेनं फक्त लिलाबाईचं तोंड बघत राहिलो. घास. सांडलं. पुसलं. घास. पूर्ण वाटी झाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिनं ढेकर दिला.

हात ओढून घेताना एकदा, अगदी एकदाच, काळ्याचा काठ कडेच्या नजरेत आला. मला वाटायचं काठ धुरासारखा विरळ असेल. तो जाड होता. ओला होता. त्याला ओठाला असते तशी घडी होती, आणि ती घडी माझ्या हातामागून पुढं आली, मिटली.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, दोन्ही वेळ तसंच केलं. हाताला फडकं गुंडाळून ठेवायचो.

रविवारी बेबाबाई धुळ्याहून गाडी घेऊन आली. दारात चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "काटा आण समीक्षा." लिलाबाईला बसवलं. मला आकडा दिसत नव्हता. मी त्यांच्या श्वासाकडे कान देऊन उभा.

"एकेचाळीस," समीक्षा म्हणाली. "एक किलो वाढलं."

बेबा खाली बसली आणि आता रडली. "नाना, काय दिलं तुम्ही तिला?"

"शिकरणच. फक्त जरा नीट बसून."

"मग राहू दे आईला इथंच. मी उगाच बोलले तुम्हाले."

चहा झाला, गाडी गेली. त्यानंतर समीक्षानं माझा डावा हात धरला. "हे फडकं कायले?"

"भाजलं थोडं."

तिनं सोडून बघितलं. मी कडेनं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं तोंडावर पदर धरला. तळहात पांढरा फटक, सुजलेला, महिनाभर पाण्यात ठेवल्यासारखा. पण तिला शिसारी आली ती त्याची नव्हे. ती बोटानं शोधत होती, इकडून तिकडे, पुन्हा इकडून. तळहातावर एकही रेघ राहिली नव्हती.

"नाना, हे भाजलेलं नाही." तिचा आवाज अगदी बारीक झाला. मग तिच्यातली आशाताई पुढं आली. तिनं हात औषधानं धुतला, मलम लावलं, मनगटापर्यंत घट्ट पट्टी बांधली आणि बजावून सांगितलं, "ही सोडायची नाही. उद्या सरकारी दवाखान्यात नेते. माझी आण हाय तुम्हाले. आधी मी तुमच्यावर संशय घेतला, आता हे लपवू नका."

"नाही सोडत," मी म्हटलं.

बाराला ती खिचडी ठेवून शेजारी लसीकरणाच्या यादीसाठी गेली. मी खाटेपाशी बसलो, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. पट्टी ओली झाली. पण डोळा ठरेना. तो पट्टीवरून फिरला, गाठीपाशी अडला, आणि वर चढायला लागला. खाटेच्या कडेनं. गोधडीवरून. लिलाबाईनं ओठ आत ओढले.

हाताची आण घातली होती. सुनेचा शब्द मोडवत नाही.

मी धोतर वर घेतलं, डावा पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला आणि तळव्याकडे सरळ बघितलं. डोळा लगेच खाली आला.

"उघड," मी लिलाबाईला म्हटलं. "निवते खिचडी."

ती माझ्या पायाकडे बघत होती. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.